वळण लागलेला चिखल

दिवाळीच्या सुट्टीत लोक महाबळेश्वरला जातात, गाणगापूरला जातात, निदान सासुरवाडीला तरी जातात. मी ठाण्याला गेलो, आणि तेही चिखल बघायला.

आमच्या वाईत कोणी "ठाण्याला चाललो" म्हणाला, की ऐकणारा आधी त्याच्या डोळ्यांत बघतो. ठाण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, एवढाच कोकणपट्टीचा भूगोल आम्हां घाटावरच्यांना पाठ. त्यात मला खरं बोलायची खोड. "एक नवा मेंदू बघून येतो," असं मी शाळेत सांगून टाकलं. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि, "परत यायची घाई करू नका हो," हे इतक्या मायेनं म्हणाले, की त्या हेडमास्तरांबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

हे सगळं ओढवलं एका व्याख्यानामुळे. मी चित्रकलेचा मास्तर. फळ्यावरचं अक्षर वळणदार असावं, कागदावरची रेघ सरळ असावी, यापलीकडे माझा विज्ञानाशी संबंध नाही. पण वाचनालयाच्या व्याख्यानमालेत ऐन वेळी एक वक्ते आजारी पडले आणि चिटणीसांनी मला गाठलं. परदेशात खोलीभर मोठी यंत्रं निघाली आहेत, काचेच्या दिव्यांनी भरलेली, आणि ती म्हणे क्षणात अवाढव्य गणितं करतात, अशी वर्तमानपत्रांतली दोन कात्रणं माझ्याकडे होती. तेवढ्या भांडवलावर मी 'विद्युत मेंदू' या विषयावर तासभर बोललो. कात्रणं पाच मिनिटांत संपली. उरलेला वेळ मी स्वतःच्या मेंदूतून भरून काढला.

श्रोत्यांत डोंबिवलीच्या अण्णा शेवड्यांचे मेहुणे बसले होते, हे माझं दुर्दैव. त्यांनी सणाला बहिणीकडे गेल्यावर माझी अशी काही थोरवी गायली, की अण्णांचा उलट निरोप आला: "या विषयातला जाणकार माणूस महाराष्ट्रात आहे हे कळून फार आनंद झाला. दिवाळीला आमच्याकडेच या. मीही एक मेंदू केला आहे. मळके कपडे आणा."

सौभाग्यवती मुलांना घेऊन माहेरी जायची होती. मी मळके कपडे भरले.

ठाणे

ठाण्याला एस.टी.तून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. अण्णांचा मेंदू कोपरीच्या मिठागरात आहे आणि ते मला तिथेच भेटतील, असं ठरलं होतं. टांगा केला. टांगेवाल्याने विचारलं, "किधर जायचं साहेब?"

आता 'कोपरीचं मिठागर' म्हणायला काय हरकत होती? पण रस्ताभर घोकत आलो होतो ते तोंडून निघालं. मी म्हटलं, "अरे, तो मेंदू आहे ना इथे, तो बघायचाय."

टांगेवाल्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बसा साहेब. काळजी नका करू. मी बरोबर नेतो."

त्याने घोडा इतक्या जपून चालवला, की मला ठाण्याचे लोक फार अगत्याचे वाटले. वाटेत तळी दिसली. गाव कसलं, पाण्याच्या आरशांत तोंड बघत बसलेलं एखादं माणूसच. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णामाई, येते आणि जाते. इथे पाणी जागोजागी बैठक मारून बसलेलं. मी असा विचारांत वाहवत चाललो होतो आणि टांगा एका मोठ्या फाटकाशी थांबला. पहारेकऱ्याने विचारलं, "पेशंट कुठाय?"

टांगेवाला म्हणाला, "हेच."

"नातेवाईक?"

"एकटेच आले बिचारे. स्वतःहून."

"स्वतःहून?" पहारेकरी चकित झाला. "असा पहिलाच बघतोय."

मी ओरडून सांगायला लागलो, की मी वाईचा मास्तर आहे, मला मिठागरात चिखलाचा मेंदू बघायचा आहे. जसजसा सांगत गेलो तसतसा पहारेकरी फाटक जास्त उघडत गेला. शेवटी मला सुचलं आणि मी गप्प बसलो. गप्प बसल्यावर माणूस ताबडतोब शहाणा दिसतो, हा ठाण्यात मिळालेला पहिला धडा.

डोंबिवली

त्या दिवशी मिठागर राहिलंच. मला शोधत शोधत अण्णा त्या फाटकाशी पोचेपर्यंत उशीर झाला होता, म्हणून तिथून सोडवून ते मला थेट डोंबिवलीला घरी घेऊन गेले. अण्णा म्हणजे उंच, वाकलेले, गुडघ्याने अधू, डोळे मात्र पंचविशीतले. जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला, तिथून निवृत्त झाले. घर लहानसं, कौलारू. पुढे अनंताचं झाड, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे भातखाचरं. कापणी झालेल्या शेतांवरून येणाऱ्या वाऱ्याला भाजलेल्या तांदळासारखा वास होता. दिवे लागले तसे कंदील वर गेले. आमच्याकडे दिवाळी थंडीने सुरू होते, इथे घामाने. बाकी चकली तीच.

अण्णांच्या पत्नी, माई, यांनी पानावर अळूवडी वाढता वाढता मला नीट न्याहाळलं. मी मोठा जाणकार आहे यावर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. पुरुषांना फसवणं सोपं. वाढणाऱ्या बाईला फसवता येत नाही. आपण काय खातो यावरून तिला सगळं कळतं.

जेवताना अण्णांनी एकदम विचारलं, "मास्तर, उंबरठ्याबद्दल तुमचं काय मत?"

हा प्रश्न मला थोडा घरगुती वाटला. मी म्हटलं, "सागवानी असावा."

अण्णा मोठ्यांदा हसले. "वा! काय बोललात!" त्यांना तो विनोद वाटला. मीही विद्वानासारखा हसलो. माई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पानात आणखी एक वडी टाकली, दयेची होती.

मग अण्णांनी समजावलं, आणि सांगतो, त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो. ते म्हणाले, आपल्या डोक्यात मज्जापेशी असतात. प्रत्येकीच्या दाराला एक उंबरठा असतो. शेजारणींकडून हाका येत राहतात. एक हाक आली, दोन आल्या, पेशी ढिम्म. पण हाकांची बेरीज उंबरठ्याच्या वर गेली, की ती उठते आणि स्वतः पुढे हाक देते. "झालं. विचार विचार म्हणतात तो एवढाच. बाकी सगळी गर्दी. परदेशातल्या विद्वानांनी हे कागदावर मांडलंय, की असे पुरेसे उंबरठे एकमेकांना जोडले तर तर्कशास्त्रातलं कुठलंही विधान त्यातून सोडवता येतं."

"म्हणजे तारा आणि दिवे..." मी कात्रणाच्या आठवणीवर बोललो.

"तिथेच तर गंमत आहे! तार कशाला हवी? हिशोब हा तारेत नसतो, मास्तर, हिशोब नियमात असतो. नियम पाळणारी कुठलीही वस्तू हिशोब करते. मी जन्मभर तारा जोडल्या. एकाच तारेवरून एकच माणूस वर्षानुवर्षं एकाच बाईशी बोलला, तरी तारेला त्याची सवय लागत नाही. तार कोरी ती कोरीच. मेंदूचं तसं नाही. तिथे वहिवाटीने वाट रुंद होते. अशी कुठली वस्तू आहे, की जिला उंबरठाही आहे आणि सवयही लागते?"

मी अत्यंत गंभीरपणे म्हटलं, "बायको."

माई या वेळी हसल्या. "ह्यांना घराचा सोडून बाकी सगळे उंबरठे ठाऊक आहेत," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या रांगोळीत रोज पाय देतात."

"चिखल!" अण्णा म्हणाले. त्यांनी आमचं ऐकलंच नव्हतं. "चिखल आणि पाणी!"

कोपरीचं मिठागर

दुसऱ्या दिवशी पहाटेची अंघोळ, उटणं, दाराशी कारीट फोडणं, सगळं अगदी आमच्यासारखं झालं. फराळ झाला आणि आम्ही कोपरीला गेलो.

मिठागर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी मोठा बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणावा. सगळी घरं मातकट, आणि रेघांच्या जागी चिखलाचे बांध. भरतीला खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे लाकडी झापेच्या दारातून, आत घेतात; मग ते वाफ्या-वाफ्यांतून फिरत फिरत दाट होत जातं आणि शेवटी मीठ होऊन बसतं. पावसाळ्यात हे सगळं बुडालेलं असतं. दिवाळीनंतर पाणी काढून वाफे पायांनी तुडवतात, दहा-दहा माणसं ओळीने, जमीन तव्यासारखी गुळगुळीत होईपर्यंत.

हे मिठागर बाळाराम पाटलांचं. कोपऱ्यातला, उंचावर असल्यामुळे न बुडणारा एक वाफा त्यांनी पावसाळ्यापुरता अण्णांना वापरायला दिला होता, त्यावर झावळ्यांचं छप्पर घातलं होतं, आणि त्या छपराखाली मेंदू होता.

पाहिल्यावर माझी निराशा झाली, हे कबूल करतो. मला वाटलं, काहीतरी चमकणारं असेल. दिसायला ते आमच्या मंडईमागच्या गटाराचं भाऊबंद होतं. वरच्या अंगाला फळीवर पत्र्याचे नऊ डबे, तीन ओळींत तीन-तीन, प्रत्येकाला बूच. डब्यांतून पाणी खालच्या उतरत्या चिखलात येई. चिखलात बारीक पाट, एकमेकांत मिसळणारे, फुटणारे, वेडेवाकडे. जणू माझ्या सहावीतल्या मुलांनी एकत्र बसून नकाशा काढला होता. आणि खाली, दोन टोकांना, मातीची दोन भांडी आडव्या सळईवर तोललेली. भांडं ठरावीक भरलं की एकदम कलंडे आणि त्याला बांधलेली गुरांची घंटा वाजे. हे म्हणजे उंबरठे.

अण्णांनी मधली उभी आणि मधली आडवी ओळ उघडली. "हे अधिकचं चिन्ह," ते म्हणाले. पाणी सुटलं, वळत वळत गेलं, डावं भांडं कलंडलं. घंटा. मग चार कोपरे आणि मधला डबा. "हे गुणिले." पाणी निघालं, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी वळणावर विचार बदलून उजवीकडे गेलं. उजवी घंटा.

"तुम्ही खणलेत पाट?" मी विचारलं.

"एकही नाही. नुसता ओला चिखल होता. सुरुवातीला दोन्ही घंटा वाटेल तशा वाजायच्या. बरोबर वाजली, की मी पाणी तसंच वाहू द्यायचो. ती वाट खोल व्हायची. चुकली, की बुचं मारायची आणि ज्या वाटेनं चुकीकडे पाणी आणलं तिच्यात मूठभर चिखल टाकायचा. अख्खा पावसाळा हेच केलं. मास्तर, मी या चिखलाला वळण लावलं."

मी खोडसाळपणे अधिकचा एक डबा बंदच ठेवला. तरी डावी घंटा. मग गुणिले केलं आणि भलताच एक डबा जास्त उघडला. पाणी घुटमळलं, पण उजवीच वाजली. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या वर्गात अधिकची एक रेघ पुसट काढली तर पोरं गुणाकार करून मोकळी होतात. मफलर बांधला तरी ओळखीचा माणूस ओळखावा, तसा हा चिखल चिन्हं ओळखत होता.

"ज्ञान कुठे आहे यात, सांगा," अण्णा म्हणाले. मी एका डौलदार वळणावर बोट ठेवलं. त्यांनी ते वळण अंगठ्याने बुजवलं आणि पुन्हा पाणी सोडलं. घंटा बरोबरच वाजली. "इथे नाही," ते म्हणाले. "इथेही नाही. कुठल्याच एका जागी नाही. सगळ्यांत मिळून आहे."

इतक्यात बाळाराम पाटील आले. आडवा देह, कानात भिकबाळी, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. "काय अन्ना, बोलतंय का तुमचा मेंदू?"

"बोलतोय. बाळाराम, मला हा वाफा एवढा हंगाम..."

"तेच सांगाला आलूय. भाऊबीज झाली, मधला एक दिवस गेला, का मानसं येतील तुडवाला. वाफा मना पायजे. मीठ कोन पिकवनार, तुमचा मेंदू?"

"हा चिखल उचलून नेता येत नाही हो. वाळला तर तडकेल. तुडवलात तर मी पुन्हा..." अण्णा थांबले. ते गुडघ्यावर हात ठेवून उभे होते आणि ते मला दिसत होतं. आणखी एक पावसाळा त्या माणसाला वाकून काढता येणार नव्हता.

पाटलांनाही दिसलं असावं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मी सोता येन त्या दिवशी. मी सोता डबे उगडीन, माज्या मनाचे. त्याला कललं, तर वाफा ऱ्हाईल. एक वाफा कमी पिकला म्हनून खाडी नाय आटत. पन नाय कललं तर नाय. चालंल?"

"चालेल," अण्णा म्हणाले.

तिथून पाटलांनी आम्हांला घरी जेवायला नेलं. तांदळाची भाकरी, इतकी पांढरी आणि मऊ, की आमच्या ज्वारीच्या भाकरीने लाजून पदर घ्यावा. सोबत भाजी आणि एक लालसर कोरडी चटणी. मी दोनदा मागून घेतली. "कशाची हो ही?" पाटलांच्या आईला विचारलं.

"जवल्याची," म्हातारी म्हणाली.

"वा! आमच्या घाटावरही जवसाची चटणी फार," मी म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली. अण्णा माझ्याकडे बघत होते, पण पाहुण्याला अडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सुकवलेल्या बारीक कोळंबीला ठाण्यात जवळा म्हणतात आणि तिथे 'ळ'चा 'ल' होतो, हे ज्ञान मला हात धुतल्यावर झालं. पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार एका अक्षराच्या फरकाने बुडाला. तीन वेळा.

"काय हो, बरं वाटतंय ना?" अण्णांनी वाटेत विचारलं.

"तेच वाईट आहे," मी म्हटलं. "फारच बरं वाटतंय."

कल्याण, आणि माझी करामत

पाडव्याला आम्ही कल्याणच्या कुंभारवाड्यात गेलो. उजव्या भांड्याला बारीक चीर गेली होती. अण्णांनी कुंभाराला बजावून सांगितलं, की भांडं भरलं की पडलं पाहिजे. कुंभार म्हणाला, "दादा, भरल्यावर उभं राहावं म्हणून बाप-आजा घासले. तुम्ही पडणारं मागताय. पडणाऱ्याची हमी मी कशी देऊ?" मग मात्र ईर्षेला पेटला आणि एकामागून एक भांडी पाडून बघत बसला; शेवटी ज्याच्या पडण्याने त्याचं समाधान झालं ते आम्हांला दिलं. ते भांडं मांडीवर घेऊन मी परतलो. लहान मूल न्यावं तसं.

भाऊबीजेला अण्णा विठ्ठलवाडीला बहिणीकडे ओवाळून घ्यायला जाणार होते. म्हणाले, "मास्तर, उन्हात चिखल सुकेल. तुम्ही कोपरीला जाऊन पाणी शिंपडा. आणि तुमचा हात आहे, जरा वळणांकडे बघा."

वळणांकडे बघा! वाचकहो, मी चित्रकलेचा मास्तर. गेली पंधरा वर्षं हेडमास्तर मला पोरांच्या वह्या देताना हेच वाक्य बोलत आलेत. "वळणांकडे बघा" म्हणजे गचाळ अक्षर सुधारा. मी मिठागरात पोचलो, पाणी शिंपडलं आणि त्या पाटांकडे पाहिलं. उद्याचा एक दिवस, मग परवा पाटील येणार. परीक्षक येणार आणि वही ही अशी! आणि एक वळण बुजलं तर काही बिघडत नाही हे अण्णांनीच दाखवलं होतं. मग एक सुधारलं तर काय बिघडणार? आणि एक सुधारलं तर शेजारचं का नको?

मी सुंभ ताणून रेघा धरल्या. थापीने कडा सारख्या केल्या. डावीकडे जेवढे पाट तेवढेच उजवीकडे, समान अंतरावर, प्रत्येक वळणाला एकच गोलाई. ऊन उतरेपर्यंत मी राबलो आणि शेवटी मागे सरून पाहिलं तर, खरं सांगतो, देवळाच्या कमानीवरची नक्षी! आयुष्यात इतकं सुंदर काही मी केलं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा परस्पर तिथे आले. कपाळावर कुंकवाचा टिळा, हातात करंज्यांची पुरचुंडी. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "सुंदर केलंत."

त्यांनी अधिकचं चिन्ह उघडलं. पाणी माझ्या नक्षीतून दोन्ही बाजूंना अगदी सारखं गेलं आणि दोन्ही घंटा एकदम वाजल्या. गुणिले लावलं. दोन्ही घंटा. सगळे डबे, एक डबा, काहीही. त्या चिखलाला आता जगातली प्रत्येक गोष्ट सारखीच वाटत होती.

"वाकडेपणा हीच त्याची आठवण होती, मास्तर," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "वळणांकडे बघा म्हणजे नुसतं लक्ष ठेवा. तडकू देऊ नका."

मी कुठल्या तोंडाने डोंबिवलीला परतलो ते विचारू नका. माईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "उद्या डबा तिकडेच घेऊन जाऊ. मीही येते."

"तू? अगं, तिथे चिखल आहे," अण्णा म्हणाले.

"तुमचे तीन मुलगे कुणी मोठे केले? चिखलच होता तो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं त्या वाफ्यात. अण्णांना वाकायचं नाही अशी माईंची ताकीद, म्हणून ते फळीपाशी बसून बुचं काढत. मी पाणी वाही. चुकलं की चिखल टाकायचं काम माईंचं. बरोबर घंटा वाजली की त्या अगदी नकळत "शाब्बास रे!" म्हणत, आणि चुकली की, "असं करतात का?" अण्णा सुरुवातीला हसत होते, दुपारनंतर तेही शाब्बास म्हणायला लागले. माझ्या नक्षीच्या कडा पाण्याने हळूहळू खाल्ल्या. इथे एक वाट फुगली, तिथे एक मिटली. माझ्या डोळ्यांदेखत सुंदर गोष्ट कुरूप होत चालली होती आणि मी मनात देवाला म्हणत होतो, आणखी कुरूप कर.

ऊन कलतं झालं तेव्हा घंटा पुष्कळदा बरोबर वाजत होती. पुष्कळदा. नेहमी नाही.

अण्णा पाटांकडे टक लावून बघत होते. "वाटा निराळ्या आहेत," ते एकदम म्हणाले. "बघा ना. आधी मधल्या डब्याचं पाणी असं यायचं. आता साफ निराळ्या बाजूने येतंय. पण उत्तर तेच! म्हणजे एकच गोष्ट दोन मेंदूंना दोन निराळ्या वळणांनी कळते. मास्तर, तुम्ही ती नक्षी काढली नसतीत तर हे मला कधी कळतं?" त्या माणसाचं घर जळालं असतं तरी त्याने आधी ज्योतीचा रंग पाहिला असता.

"त्यांना उत्तेजन देऊ नका," माई म्हणाल्या.

परीक्षा

पाटील सकाळीच आले; माझ्या नक्षीची हकीकत त्यांच्या कानावर गेलेली होती. मागे तुडवणारी माणसं बांधावर ओळीने उभी, धोतरं गुडघ्यांवर खोचलेली. अण्णांनी रात्री फार झोप घेतली नसावी. दाढी करताना कापलं होतं. माई छपराच्या खांबाला धरून उभ्या होत्या.

पाटलांनी स्वतः डबे उघडले. अधिक लावलं, पण वरचा डबा मुद्दाम बंद ठेवला आणि एक कोपरा उघडला. "माजा अधिक असाच," ते म्हणाले. पाणी सुटलं. एका फाट्यावर ते इतकं रेंगाळलं, की मीच हाताने त्याला डावीकडे खुणावायला लागलो. मग डावी घंटा.

"ठीक," पाटील म्हणाले. "आता दुसरा." त्यांनी गुणिले लावलं, स्वच्छ, बिनचूक गुणिले, कुठलीही लबाडी न करता.

डावी घंटा वाजली.

मी घाईघाईने म्हटलं, "वारा होता. भांडं हललं. पुन्हा बघू या का?"

"वारा नव्हता," अण्णा म्हणाले. "चुकलं."

त्यांनी बुचं मारली. मग माईंचा इशारा न जुमानता ते खाली बसले, दुखरा गुडघा हाताने वाकवून, आणि ज्या वाटेने पाणी चुकीकडे गेलं होतं तिच्यात चिमूटभर चिखल ठेवला. नेहमीसारखाच. वाफा जाणार हे ठरलं होतं, घटकाभरात तिथे दहा जणांचे पाय पडणार होते, आणि अण्णा त्याची चूक सुधारत होते.

"हे काय करताव?" पाटलांनी विचारलं.

"चुकलं ना. त्याला सांगायला हवं."

पाटील पुढे झाले. त्यांनी तेच पाच डबे पुन्हा उघडले. पाणी आलं, मघाच्याच वाटेला लागलं, त्या चिमटीला अडलं, तुंबलं, आणि कडेने एक बारीक धार काढून उजवीकडे वळलं. आणखी थोडं. आणखी. उजवं भांडं कलंडलं.

"कोनी सांगितलं त्याला?" पाटलांचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"कोणी नाही. आपण आत्ता जेवढं सांगितलं तेवढंच."

पाटील उकिडवे बसले आणि चिखलाच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघू लागले. "पयल्यांदीच बरोबर आला असता ना अन्ना, तर मी बोललो असतो, खालून दोरी ओढली. पन यो चुकला आनि शिकला. माज्या डोल्यासमोर शिकला."

ते उठायला लागले आणि तोल सावरताना त्यांचं पाऊल वाफ्याच्या कडेला लागलं. पुस्तकाला पाय लागला की आपण करतो तेच त्यांनी केलं. वाकून चिखलाला हात लावला आणि हात कपाळाला लावला. केल्यावर मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपण काय केलं. मागची माणसंही बघत होती.

"आता कसा तुडवनार?" ते माणसांकडे वळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "शिकनाऱ्यावर पाय देतात काय? चला, त्या अंगाला लागा."

माणसं बांधावरून पलीकडे गेली. अण्णा खाली बसलेलेच होते. त्यांना उठताच येईना, आणि त्यांना उठायचंही नव्हतं. माईंनी डोळ्यांना पदर लावला आणि चिखलाच्या हातांमुळे पदरासकट चेहराही माखून घेतला.

आनंदाच्या भरात मी एक पाऊल पुढे टाकलं. पाटलांनी माझ्यापुढे आडवा हात धरला.

"वाईच्या मास्तरांना तेवडं बांदाच्या आत घेव नका, अन्ना," ते म्हणाले. "त्यांचा अक्षर लय चांगला हाय."